दोन बोटं माया

घरातली साखर संपत आली की मामी डबा उपडा करून तळाला दोन थापा मारायची. त्या सकाळी डबा काठोकाठ भरलेला होता, तरी भाच्याने तो उपडा केला, दोन थापा मारल्या, सगळी साखर मोरीत सांडली आणि वर दोन तांबे पाणी ओतलं. “आजपासून या घरात साखर बंद!” राजाने फर्मान काढावं तसा त्याचा आवाज होता. फक्त राजाच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी मोरीच्या पाण्यात तरंगत होती.

दुपारपर्यंत मुंग्यांची रांग मोरीतून निघून पडद्याखालून थेट दुकानात आली. मास्तरांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं, चष्म्यावरून रांगेकडे बघितलं आणि हाक मारली, “प्रोफेसर, बंदी फक्त माणसांना आहे का? मुंग्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही.”

“मामा, चेष्टा नको. साखर म्हणजे पोटातल्या त्या गाठीचं खाद्य. आपण खाद्यच तोडायचं. उपाशी मारायची तिला.”

“आणि मी?”

“तुझं काय?”

“मी पण त्याच पोटात जेवतो रे.”

भाचा हसला. मास्तर बोललेच होते हसण्यासारखं. खरं बोलायचं असलं की ते असंच बोलत.

मास्तर म्हणजे भाच्याचे सख्खे मामा, धंद्याने शिंपी. त्यांना नाव असणारच, पण गल्लीत ते कुणी वापरल्याचं आठवत नाही. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार आणि मध्ये उरल्यासुरल्या अस्तरांचे तुकडे जोडून शिवलेला पडदा. भाचा लहान असताना त्याची आई गेली, वडिलांनी दुसरा संसार मांडला, आणि हे पोर या पडद्याच्या दोन्ही बाजूंना वाढलं. मागे मामीच्या हातचं जेवायचं, पुढे मामाच्या मशीनखाली बसून पडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करायच्या. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. भाच्याला ते इतकं जाणवू दिलं गेलं नाही की बरीच वर्षं त्याला वाटायचं, बापालाच मामा म्हणतात.

कॉलेज दुसऱ्या वर्षी सुटलं, आणि तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागला. फुटलेल्या काचा बदलायच्या आणि काच नीट बसली की नाही ते बघायला म्हणून काहीतरी वाचत बसायचं. त्यामुळे त्याला जगातलं सगळं थोडं थोडं माहीत झालं. मास्तर त्याला प्रोफेसर म्हणायला लागले ते तेव्हापासून. थट्टेने म्हणायचे, पण गिऱ्हाइकासमोर म्हणताना आवाज जरा मोठा व्हायचा.

मास्तर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. एक म्हणजे “परवा या.” कपडे कधी मिळतील असं कुणीही, कधीही विचारो, उत्तर हेच. सोमवारी विचारलं तरी परवा, बुधवारी विचारलं तरी परवा. एकदा एक बाई वैतागून म्हणाल्या, “मास्तर, तुमचा परवा कोणत्या वारी येतो ते तरी सांगा.” मास्तर म्हणाले, “उद्याच्या दुसऱ्या दिवशी, वहिनी. त्यात फसवाफसवी नाही.”

दुसरी गोष्ट म्हणजे माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. माणूस जाड झाला की शिवण उसवायची, मायेतलं कापड बाहेर घ्यायचं, कपडा पुन्हा अंगाला येतो. बाकीचे शिंपी बोटभर ठेवत. मास्तर दोन बोटं ठेवत, कापड कमी पडत असलं तरी. रस्त्यापलीकडे रेडिमेडचं मोठं दुकान उघडलं तेव्हा लोक म्हणाले, आता मास्तरांचं कठीण आहे. मास्तर तिथे जाऊन आले, एक शर्ट उलटा करून बघून आले आणि मामीला म्हणाले, “अगं, दिसायला झकास आहे सगळं. पण माया नाही गं कशात.”

अशा माणसाला दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटायला लागलं. आधी ती पित्ताची तक्रार होती, मग वयाची झाली, मग मामीच्या स्वयंपाकाची. शेवटी पोटात दुर्बीण घातली तेव्हा कळलं, जठरात गाठ आहे, कॅन्सरची. डॉक्टर म्हणाले, आधी सलाईनमधून औषध देऊ, गाठ आकसली तर ऑपरेशनचं बघू. औषध जबर असतं, अंगात ताकद लागते, वजन उतरता कामा नये. तारीख महिन्याभरानंतरची मिळाली, आणि तोवर खायचं-प्यायचं काय ते विचारायला त्यांना तळमजल्यावर पाठवलं.

तळमजल्यावरच्या त्या खोलीत एक वजनकाटा, एक टेबल आणि टेबलावर प्लास्टिकचं जेवण मांडलेलं होतं. प्लास्टिकचं अंडं, रबराचं केळं, रंग उडालेला पावाचा तुकडा. पांढरा कोट घातलेली एक बाई समोर बसली होती. दारावर ‘आहारतज्ज्ञ’ लिहिलं होतं. मास्तरांनी तिथल्या तिथे तिचं आहारताई करून टाकलं.

“ताई, हे अंडं उकडलेलं की कच्चं?”

“ते दहा वर्षांपूर्वीचं आहे, काका. तुम्ही ताजं खा. रोज खा.”

नेमका तेव्हाच भाच्याच्या शेठचा फोन आला आणि तो बाहेर गेला. परत आला तेव्हा आहारताई उठताना एवढंच म्हणत होती, “...आणि मला विचारल्याशिवाय दुसरं काही मनाने देऊ नका.”

घरी येताना त्याने मामीला विचारलं, “काय पथ्य सांगितलं?”

“काही नाही म्हणाली. सगळं चालेल. थोडं थोडं पण सारखं द्या. दूध, अंडी, लोणी, बटाटा. चहात साखरसुद्धा चालेल म्हणाली. आणि दुधात घालायला एक पावडर लिहून दिली आहे.”

भाचा रस्त्यातच थांबला. साध्या सर्दीला दही बंद, तोंड आलं तर तिखट बंद, आणि एवढ्या मोठ्या आजाराला काहीच बंद नाही? त्याच्या हिशेबात पथ्य म्हणजे सोडणं. जेवढा आजार मोठा तेवढं सोडणं मोठं. “मामी, त्यांना दिवसाला शंभर पेशंट बघायचे असतात. सगळ्यांना तेच सांगतात त्या. तू थांब, मी बघतो.”

आणि त्याने बघितलं. वेळ मिळेल तेव्हा बघितलं. मोबाइलमध्ये एक माणूस छातीठोकपणे सांगत होता की साखर तोडा, दूध तोडा, अंडी तोडा, गाठ आपोआप वाळते. त्यातच दुकानात फुटकी काच घेऊन एक गृहस्थ आले. बोलता बोलता त्यांना मामांचं कळलं. त्यांनी पिशवीतून हिरव्या पावडरीचा डबा काढला. शरीर आतून धुऊन काढते म्हणाले. ताईने लिहून दिलेल्या पावडरीची चिठ्ठी मग कपाटावरच राहिली. डब्यावर एक धष्टपुष्ट माणूस छाती काढून उभा होता. मास्तरांनी डबा हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला.

“काय वाचतोस, मामा?”

“वाचत नाही. याच्या शर्टाचे खांदे उतरलेत. कुणी शिवला कोण जाणे.”

मग सुरू झालं. सकाळी हिरवी पावडर, दुपारी कसलातरी रस, मीठ-तेल नसलेल्या उकडलेल्या भाज्या, रात्री पुन्हा हिरवी पावडर. मास्तर पेला हातात धरत, नाकापाशी नेत आणि म्हणत, “हे पिऊन मी बरा होणार की हिरवा?” पण पीत. एकदाही नको म्हणाले नाहीत. दुकानात कुणी विचारलं तर सांगत, “आमचा प्रोफेसर आहे ना. सगळा अभ्यास केलाय त्याने.”

भाचा रोज कामावर जाण्याआधी मामाला निरखून बघायचा. चेहरा उतरला होता, पण तो काळजीने उतरणारच. मनगटं बारीक वाटायची, पण मास्तर आधीपासूनच काटकुळे. खरा पुरावा कपड्यांचा होता. शर्ट खांद्यावर बसत होता तसाच बसत होता. पँट कंबरेला चपखल. भाचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचा, “बघा ना, एक इंचसुद्धा फरक नाही. कॅन्सरची माणसं कशी कपड्यांत हरवून जातात.” शेजारी बघायचे आणि मान डोलवायचे. मास्तरही स्वतःभोवती एक गिरकी घ्यायचे. “अरे, नवरदेव दिसतोय मी.”

 मामी तेवढ्यात पडद्यामागे निघून जायची.

एका रविवारी मामीचं मनगट धरलं होतं म्हणून भाच्याने धुणं अंगावर घेतलं. एरवी मास्तर स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, स्वतः वाळत घालायचे. ती त्यांची नवीनच सवय होती आणि भाच्याला त्यात त्यांच्या सुधारत्या तब्येतीची खूण दिसली होती. त्या दिवशी मास्तर अंथरुणातून उठले नव्हते. भाच्याने पँट पिळली, झटकली आणि दोरीवर टाकली. ती उलटीच राहिली होती. सुलटी करायला म्हणून त्याने कंबरेला हात घातला आणि हात तिथेच थांबला.

मागच्या शिवणीत माया दोन बोटं नव्हती. पंजाएवढी होती. जुन्या शिवणीच्या आत एक शिवण, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. तिन्ही हाताने घातलेल्या. त्याने शर्ट ओढून उलटा केला. बगलेखाली तेच. दुसरा शर्ट. तेच. बाहेरून एक चुणी नाही, एक सुरकुती नाही. मास्तरांच्या हातचं काम.

तो पँट घेऊन आत गेला. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. पाणी ठिबकायला लागलं तसे वळले.

“मामा, हे काय आहे?”

मास्तरांनी पँटकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “माया,” ते म्हणाले.

“मामा!”

“ओरडू नकोस. आधी बघ तरी नीट. टाके कच्चे आहेत. एका हिसक्याला निघतील. वजन भरलं की उसवून टाकायचे होते, तुला कळायच्या आत.”

“पण का? मला सांगायचं ना, मामा. मी काय तुला... मला वाटलं, चाललंय बरं.”

“तेच तर.” मास्तरांनी उशी नीट केली. “आयुष्यात पहिल्यांदा तू एखादी गोष्ट अर्धी सोडली नाहीस. रोज पहाटे उठून ते हिरवं घुसळायचास. मला वाटलं, लागेल गुण, थोडा उशिरा. तोवर कपड्यांनी तुला घाबरवू नये.”

पडद्याजवळ मामी उभी होती. ती तांदळाच्या डब्याकडे गेली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि एक पुडी काढून ओट्यावर ठेवली. साखर होती. “मी देत होते रे चोरून,” ती म्हणाली. “तेच घेत नव्हते. पोराला कळलं तर वाईट वाटेल म्हणाले.”

दुसऱ्या दिवशी तिघं तळमजल्यावरच्या खोलीत गेली. काट्यावर उभं राहण्याआधी मास्तरांनी खिशातली कात्री काढून भाच्याच्या हातात दिली, “नाहीतर म्हणशील, मामाने इथेही काहीतरी केलं.” आकडा बघून आहारताईने आवाज चढवला नाही. त्याचाच भाच्याला जास्त त्रास झाला. वरच्या मजल्यावर डॉक्टरांनी औषधाची तारीख पुढे ढकलली: या वजनाला पेलणार नाही, आधी थोडं भरून आणा.

परत खाली आल्यावर आहारताईने सोबत आणलेला हिरव्या पावडरीचा डबा मागितला, मागेपुढे फिरवून वाचला, झाकण उघडलं. “तुम्ही चाखलीत का ही कधी?” तिने भाच्याला विचारलं.

नव्हती चाखली. एवढ्या दिवसांत एकदाही नाही. त्याने बोटाला लावून जिभेवर ठेवली आणि त्याचं तोंड बघून मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“साखर तोडून गाठ उपाशी राहत नाही,” ताई सावकाश म्हणाली. “माणूस राहतो. शरीर मग स्वतःचं मांस जाळायला लागतं. आणि असल्या पावडरींत नेमकं काय असतं ते डब्यावरही धड लिहिलेलं नाही. काहींमुळे औषधाच्या कामात अडथळा येतो, म्हणून विचारा म्हटलं होतं. यांचं पथ्य एकच. जे पोटात जाईल, टिकेल, ते द्यायचं.”

“म्हणजे हे माझ्यामुळे...”

“काही तुमच्यामुळे. काही आजारामुळे, हा आजार नुसताही माणसाला वाळवतो. किती कशामुळे, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच नाही.”

सगळं माझ्यामुळे, असं ती म्हणाली असती तर त्याने ते उचललं असतं. काहीच नाही म्हणाली असती तर टाकून दिलं असतं. हे मधलं वजन कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

मास्तर मात्र भलतीकडेच बघत होते. “ताई, तुमच्या कोटाचा खिसा लोंबतोय.”

“त्यात टेप, चमचे, पेनं, काय काय कोंबते मी.”

“द्या माझ्याकडे. दुहेरी कापडाचा लावून देतो. परवा या.”

पुढच्या वेळी तिने खरंच कोट आणला, आणि घरात साखरही आली. भाच्याने स्वयंपाकघर हातात घेतलं. बटाटा उकडून कुस्करायचा, त्यात लोणी, त्यात अंड्याचा बलक. दुधात दुधाचीच भुकटी घालून घट्ट करायचं, आणि त्यात ताईने लिहून दिलेली पावडर, मोजून. केळं चमच्याने घोटायचं. घासभर द्यायचं, थांबायचं, पुन्हा घासभर. सुरुवातीला त्याचा बटाटा चिकट व्हायचा.

“प्रोफेसर, खळ चांगली झाली आहे. कॉलरला लावू का?”

“गप खा.”

“खातोय. गपच खातोय. कॉलरसारखी मानही ताठ झाली बघ.”

असं करता करता एका सकाळी मास्तरांनी पँट मांडीवर उलटी घेतली, ब्लेडचं टोक घातलं आणि सगळ्यात आतली शिवण सरसर उसवली. निघालेला दोरा त्यांनी भाच्याच्या मनगटाला गुंडाळला. “घे. तुझी पहिली कमाई.” औषध सुरू झालं. पहिला डोस त्यांनी पेलला. दुसऱ्याला आठवडाभर उलट्या झाल्या, तरी दोन उलट्यांच्या मध्ये ते अर्धी वाटी दूध आत ढकलायचे आणि म्हणायचे, “बघू आता कोण जिंकतं.” बरं वाटेल त्या दुपारी मशीनपाशी बसून ताईच्या कोटाचा खिसा कापायचे. आतून दोन बोटं माया सोडून.

आणि मग पँट घट्ट झाली.

भाच्यानेच बघितलं. पट्टी बटणापर्यंत येत नव्हती. “मामी! ए मामी, इकडे ये! पोट आलंय मामाला!” त्याने स्वतः बसून दुसरी शिवण उसवली, जमत नव्हतं तरी उसवली, दोनदा बोटात ब्लेड गेलं. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. रस्त्यापलीकडच्या रेडिमेडवाल्यालाही दाखवलं. दुकानात शेठला सांगितलं. त्या दिवशी तो गल्लीतून चालत नव्हता, तरंगत होता. मास्तर खाटेवर बसून त्याची धावपळ बघत होते, हसत होते, आणि त्यांनी अंगावरची चादर दंडांवरून ओढून घेतली होती.

डॉक्टरांनी पोटावर बोट ठेवून टिचकी मारली, कूस बदलायला लावली, पुन्हा मारली. सुईने काढून बघितलं. पाणी होतं. गाठ जठराबाहेर पसरली होती आणि पोटात पाणी धरलं होतं. आता औषधाचा त्रासच जास्त होईल, ते म्हणाले.

बाहेरच्या बाकावर भाचा मामाशेजारी बसला. त्याने विचारलं, “तुला कळलं होतं?”

“चाळीस वर्षं मापं घेतोय. माणूस भरतो तेव्हा दंडही भरतो, मानही भरते. नुसती कंबर वाढत नाही.”

“मग बोलला का नाहीस?”

“एक दिवस तर होता,” मास्तर म्हणाले. “तू केवढा खूश होतास रे. रेडिमेडवाल्याला दाखवून आलास.”

त्यावर भाच्याला हसू आलं, आणि ते हसू कुठल्या कुठे गेलं. मास्तरांनी त्याची मान धरून आपल्या खांद्यावर टेकवली. शर्टाचा खांदा अजूनही चपखल बसत होता.

शेवटच्या वेळी तळमजल्यावर भाचा एकटाच गेला. “आता काय देऊ?” त्याने विचारलं.

“मागतील ते,” आहारताई म्हणाली. “मागितलं तर. बळेबळे नको आता. घास नको असेल तर ओठ ओले करा, नुसतं जवळ बसा. तेही चालेल.”

चालेल. पहिल्या दिवशी हाच शब्द त्याला खोटा वाटला होता.

मास्तरांनी चहा मागितला. भाच्याने तीन चमचे साखर घातली. मास्तर दोन घोट प्यायले, डोळे मिटले. “कमी पडली,” ते म्हणाले. भाचा चमचा आणायला वळला तसं त्यांनी त्याचा हात धरला. “राहू दे. नंतर घाल.” उरलेला चहा बशीत थंड झाला.

दोन दिवसांनी, मामी खिडकी उघडत असताना, मास्तर गेले. मामीने खिडकी पुन्हा लावली आणि ती तशीच गजाला धरून उभी राहिली. “झोपलेत,” असं ती भाच्याला म्हणाली, आणि तोही थोडा वेळ हो म्हणाला.

दुकान आता बंदच असतं. गिऱ्हाइकांचे राहिलेले कपडे मामीने ज्याचे त्याला पोहोचते केले, शिवलेले शिवून, न शिवलेले तसेच. एकच उरलाय. मशीनमागच्या खिळ्याला पांढरा कोट टांगलेला आहे. त्याच्या नव्या खिशाची एक बाजू शिवून झाली आहे, तळही झाला आहे. दुसरी बाजू नुसती टाचण्यांवर आहे. गल्लीच्या टोकाचा शिंपी ती पाच मिनिटांत मारून देईल. तो म्हणालाही तसं. भाच्याने नको म्हणून मान हलवली आणि विषय बदलला. मग एकदा स्वतःच मशीनवर बसला, चिंधीवर एक सरळ रेघ मारायला गेला, आणि ती रेघ इतकी वाकडी आली की मागून मामी म्हणाली, “ते असते तर म्हणाले असते, प्रोफेसर, रस्ता वळणाचा आहे का?” चिंध्या संपत आल्यात. रेघ अजून सरळ येत नाही.

मागच्या आठवड्यात भाजीच्या गाड्यापाशी आहारताई भेटली. तिच्या अंगावरच्या कोटाचा खिसाही एका बाजूने सुटलेला होता. मामीची चौकशी केली, मामी जेवते का विचारलं, तू जेवतोस का विचारलं. निघता निघता थांबली.

“माझा कोट?”

भाच्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“परवा या,” तो म्हणाला.